पान नऊवरची रेघ

पान नऊवरच्या आलेखात शुक्रवारी दुपारचा उंचवटा नव्हता.

बाकीच्या दिवशी तो होता. माणूस जेवला की पित्त आतड्यात उतरतं, त्यातली आम्लं आपलं काम उरकून रक्तात परत शोषली जातात आणि तास-दोन तास रक्तातला त्यांचा आकडा जरा वर चढून खाली येतो. दिवसाला तीन वेळचं खाणं, तीन उंचवटे. गुरुवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी ही रेघ जिन्यावरून पाय निसटावा तशी अठ्ठावन्नवरून सहावर आली होती आणि पुढे जमिनीलगत चालत राहिली होती. शुक्रवारी सकाळी काही नाही, दुपारी काही नाही, संध्याकाळी काही नाही. मग रात्री नऊ पन्नासला एक उंचवटा, एकच, नेहमीपेक्षा जाड.

आलेखाखाली बारीक अक्षरांत छापलं होतं : ‘माता क्रमांक ४११७. अचानक घसरण, त्यानंतर दुसऱ्या दिवशी दीर्घ शांत काळ. यकृत प्रतिसाद देईनासं झाल्याची ही ठळक खूण समजावी. रविवारी सकाळी गर्भाचा मृत्यू.’

ऋजुताने सोलापूरच्या ‘मातृरेखा’ केंद्राची पुस्तिका मिटली. ४११७ ती स्वतः होती. आणि त्या शुक्रवारी दुपारी ती वरणभात, भरली वांगी आणि आदल्या दिवशीच्या डोहाळजेवणातला उरलेला शिरा असं पोटभर जेवली होती. संकष्टी होती, पण ती धरली होती तिच्या सासूबाईंनी. त्या दिवशी चंद्रोदय नऊ वाजून बारा मिनिटांनी झाला होता. हे तिने मागाहून तीनदा पंचांगात पाहिलं होतं.

“वहिनी, तोंडपाठ करतीयस का काय ते?” सानिका पलंगावरून म्हणाली.

ऋजुताची ही नणंद पहिल्या बाळंतपणासाठी बार्शीला माहेरी आली होती. एकोणतिसावा आठवडा चालू होता. पलंगाच्या कडेला बसून ती दोन्ही तळपाय शहाबादी फरशीवर घासत होती. गार फरशीने खाज जरा निवते, हे तिला ऋजुतानेच सांगितलं होतं.

“आज कशी आहे खाज?”

“निम्म्याने कमी. परवा तर वाटत होतं, नारळ सोलतात तसे तळवे सोलून घ्यावेत. नवीन गोळी लागू पडली बघ. आकडा बासष्ट होता, आज चौदा.” तिने डावं मनगट वर केलं. मनगटावर राखाडी पट्टा होता, रुंद रबरी कड्यासारखा. “तरी ह्याचं तोंड वाकडंच. सकाळपासून लाल दिवा. आता काय बिनसलंय त्याचं?”

ऋजुताला माहीत होतं काय बिनसलंय ते. पण ती म्हणाली, “अलकाताई येतील दुपारी. विचारू त्यांना.”

*

गरोदरपणातल्या ह्या खाजेला पूर्वी कुणी फारसं मनावर घेत नसे. उष्णता झाली म्हणायचे, कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घालायचे. खरं कारण यकृतात असतं. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे काही जणींच्या यकृतातली पित्ताची वाट मंदावते, पित्ताम्लं रक्तात तुंबतात, तळहात आणि तळपाय खाजायला लागतात. आईला त्याने कायमचं काही होत नाही. मूल जन्मलं की आठवड्याभरात सगळं पूर्ववत होतं. धोका असतो तो बाळाला. आकडा शंभराच्या वर गेला, तर आदल्या संध्याकाळपर्यंत लाथा मारणाऱ्या बाळाचं हृदय एखाद्या सकाळी अवचित थांबू शकतं. सोनोग्राफीत त्याची चाहूल लागत नाही.

त्यावर उपाय एकच, बाळाला वेळेआधी बाहेर काढणं. पण वेळेआधी म्हणजे किती आधी? लवकर काढावं तर कच्ची फुप्फुसं, नाजूक मेंदू. थांबावं तर ती एखादी सकाळ. पूर्वी हे डॉक्टर आठवड्यातून एकदा रक्त तपासून अंदाजाने ठरवायचे. ‘मातृरेखा’ योजना आल्यापासून पट्टा ठरवू लागला. पट्ट्याच्या आतल्या बाजूला केसांहून बारीक सुया होत्या. दर पंधरा मिनिटांनी त्या कातडीखालच्या पाण्यातली पित्ताम्लं मोजायच्या आणि आकडा सोलापूरच्या केंद्रात जायचा. तिथलं यंत्र प्रत्येकीच्या दोन रेघा काढायचं. एक, बाळ आत राहिलं तर असलेला धोका. दुसरी, बाहेर आलं तर असलेला धोका. ज्या दिवशी पहिली दुसरीला छेदून वर जायची, तो बाळंतपणाचा दिवस. केंद्रातले लोक त्याला ‘छेदनदिन’ म्हणत. बायका म्हणत ‘फुली’. तुझी फुली कधीची गं, माझी छत्तिसाव्यात, असं बोलणं बाजारात सर्रास ऐकू यायचं.

यंत्र शिकत होतं, हे त्याचं मोठं वैशिष्ट्य. प्रत्येक बाळंतपणातून ते थोडं शहाणं होत होतं. पण जिवंत बाळंतपणं हजारोंनी आणि पट्टा हातात असताना झालेले मृत्यू अवघे अकरा. ह्या अकरातल्या प्रत्येकाचं वजन यंत्राच्या हिशेबात फार होतं. दहा जणींचा आकडा शंभराच्या पुढे होता. अकरावीचा, मृत्यूआधी तीन दिवस, दहाच्या आत. त्या एका रेघेवरून यंत्राने एक नवा धोका शिकून घेतला होता, की आकडा झपाट्याने उतरला तर बरं वाटून घेऊ नये.

पण आकडा झपाट्याने उतरतो तो औषध लागू पडलं की. गेल्या वर्षभरात जिल्ह्यात ज्या ज्या बाईला गुण आला, तिची फुली अलीकडे ओढली गेली होती. ही पुस्तिका आठ महिन्यांपूर्वी ऋजुताच्या हातात पहिल्यांदा पडली, तेव्हापासून ती मोजत होती. त्यांच्या पेठेतल्या तिघी. तांबोळ्यांच्या सुनेचं बाळ एक किलो शंभर ग्रॅमचं, बाराव्या दिवशी गेलं. पुराणिकांच्या मुलाला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. तिसरं आजही नळीने दूध पीत होतं.

ऋजुता कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवत होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती पहिल्या तासाला सांगायची, उपकरणावरचं वाचन आलं तसं लिहायचं, आवडलं नाही तरी. गेले आठ महिने हे वाक्य फळ्याकडे तोंड करून म्हणायची तिला सवय लागली होती.

*

आशा सेविका अलकाताई दुपारी आल्या त्या चप्पल न काढता दारातच उभ्या राहिल्या.

“उद्या सकाळी दहाला सोलापूर. फुली पडलीय.”

“एकोणतिसाव्यात?” सानिका हसलीच. “अहो अलकाताई, चुकून दुसऱ्या कुणाचं नाव वाचलंत का? मला बरं वाटतंय.”

“तेच तर वाईट म्हणतंय यंत्र. घसरण दिसतीय म्हणे.” अलकाताईंनी आवाज उतरवला. “मी काय डॉक्टर नाही गं बाई. सांगितलं तेवढं पोचवते. मंदाररावांना पुण्याहून बोलावून घ्या. सही त्यांची लागेल, तुझी लागेल.”

त्या गेल्यावर सानिका पोटावर हात ठेवून म्हणाली, “नाव ‘घाई’ ठेवू का? घाई मंदार शेटे. शाळेत हजेरी घेताना मास्तर म्हणतील, घाई आली का?” ऋजुता हसली नाही तशी तिने पायाच्या अंगठ्याने तिला टोचलं. “वहिनी, तू तरी हस. तुझ्या वेळी यंत्राने काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या वेळी सांगतंय. म्हणजे बरंच की. तुझ्या बाळामुळे माझं वाचतंय, असं मी धरून चालते. नाहीतर मला भीती वाटेल.”

ऋजुता उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

*

दोन वर्षांपूर्वीचा तो गुरुवार तिला तासातासाने आठवत होता.

तिचं सासर, रासन्यांचं घर, कासारांचं. घरापुढेच बांगड्यांचं दुकान, तीन पिढ्यांचं. सासूबाईंचा, शोभाताईंचा हात पेठेत नावाजलेला. समोरचीच्या अंगठ्याखालचं हाड जरासं दाबून त्या बांगडी अशी चढवत, की बाईला कळायच्या आत ती मनगटात असे. चाळीस वर्षांत हजारो जणींच्या हातात त्यांनी हिरवा चुडा भरला होता. आता स्वतःच्या सुनेचा भरायचा होता. बत्तिसावा आठवडा चालू होता, चाळीस बायका ओसरीवर जमल्या होत्या, ऋजुता फुलांची वाडी घालून पाटावर बसली होती आणि डाव्या हातात राखाडी पट्टा होता.

“कासाराच्या सुनेचा हात असा?” मावससासू म्हणाल्या. “एकात चुडा नि एकात रबर?”

पट्टा काढला, की अर्ध्या तासात केंद्रातून फोन यायचा. उचलला नाही, तर आशाताई दारात. सगळ्या बायकांसमोर तमाशा. शोभाताईंनी ऋजुताला आतल्या खोलीत नेलं, पट्टा सोडवला आणि स्वतःच्या डाव्या मनगटावर चढवला. पट्ट्याला ऊब लागली, घाम लागला. हिरवा दिवा तसाच राहिला. कातडी कुणाची आहे, हे त्याला कळत नव्हतं.

“दोन तास गं. बायका गेल्या की परत घाल.”

चार वाजून वीस मिनिटं.

मग चुडा भरला. शोभाताईंनी जीव ओतून भरला, मनगटापासून घट्ट, दोन्ही हातांत एकवीस-एकवीस. बायका गेल्यावर लक्षात आलं, की पट्टा बसायला मनगटावर जागाच उरलेली नाही. बांगड्या उतरत नव्हत्या. ऋजुताच्या हातांवर सूज होती. उतरवायच्या म्हणजे वाढवायच्या. फुटल्या-फोडल्या हा शब्दसुद्धा त्या घरात कुणी उच्चारत नसे, आणि गर्भारशीचा चुडा वाढवायला शोभाताईंचा हात धजत नसे.

“सोमवारी तू तपासणीला जाणारच आहेस,” त्या म्हणाल्या होत्या. “तोवर सूज उतरंल. साबण लावून पुढच्या चार काढू. का आत्ताच वाढवू? तू म्हणशील तसं.”

तिने म्हणायचं होतं, आत्ताच. तिला आकडे कळत होते. पण पट्ट्याखालची कातडी महिनाभर धगधगत होती आणि त्या दोन तासांत पहिल्यांदा शांत झाली होती. हिरव्या काचेचा गारवा मनगटाला लागत होता. सासूबाई पायाशी बसून तिच्याकडे बघत होत्या.

“राहू दे,” ती म्हणाली होती.

पट्टा पायात घालता आला असता. घोट्यावर तो उत्तम बसला असता. हे तेव्हा दोघींपैकी कुणालाच सुचलं नाही.

शुक्रवारी आणि शनिवारी ती शांत झोपली. रविवारी सकाळी बाळ हललं नाही. तिने थंड पाणी पिऊन पाहिलं, डाव्या कुशीवर झोपून पाहिलं, पोट हलवून पाहिलं. शोभाताईंनी तिला उंबऱ्याशी बसवलं, डावा हात रुमालात गुंडाळला आणि चौकटीवर आपटून एकवीसच्या एकवीस बांगड्या वाढवल्या. पट्टा आपल्या हातातून काढून तिच्या हातात चढवला. पंधरा मिनिटांनी पहिला आकडा गेला, एकशे एकतीस. केंद्राने तो मृत्यूनंतरचा धरून सोडून दिला.

निनाद, तिचा नवरा, गाडी काढत होता. वळून त्याने एकदाच विचारलं होतं, “पट्टा होता ना गं हातात?”

“होता,” ती म्हणाली होती.

मुलगी होती. केस दाट होते.

*

अलकाताई गेल्यानंतर तासाभराने ऋजुता दुकानात आली. पुस्तिका तिच्या हातात होती. शोभाताई एका नवऱ्या मुलीशी आणि तिच्या आईशी बोलत होत्या.

“चुडा समोरच्या दुकानात भरून घ्या, बाई. मी रोजच्या बांगड्याच देते.”

“शोभाताई, तुमच्या हातचा पाहिजे म्हणून वैरागहून आलोय आम्ही.”

“माझा हात आता चांगला नाही चालत.” त्यांनी काचेवरचा नसलेला डाग पुसला. मायलेकी गेल्या. मग त्या ऋजुताकडे न बघता म्हणाल्या, “अलका काय म्हणाली ते ऐकलं मी. न्यायचं तर न्यायचं. वेळेवर सांगितलं तरी त्यानं.”

“आई, ते चुकीचं सांगतंय.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“मला त्यातलंच कळतं.” ऋजुताने पान नऊ उघडून काचेवर ठेवलं. “ही माझी रेघ म्हणून छापलीय. इथं बघा. गुरुवार, चार वीस. इथून पुढं ह्या तुम्ही आहात.”

शोभाताईंनी चष्मा लावला. रेघेकडे बघत राहिल्या.

“मी कशी?”

“पट्ट्याने तुमच्या हातातून मोजलं ते. हा शुक्रवार. दिवसभर काही नाही. का नाही?”

शोभाताईंनी बोटाने रेघ चाचपली. “संकष्टी होती.”

“आणि हे?” तिने त्या एका जाड उंचवट्यावर बोट ठेवलं.

“उपास सोडला.” शोभाताईंनी चष्मा काढला. “एकवीस मोदक केलेवते. लेकरासाठी.”

बाहेरून एक टेम्पो गेला, रॅकवरच्या बांगड्या किणकिणल्या आणि थांबल्या.

“यंत्राला वाटलं, माझा आकडा उतरला आणि म्हणून बाळ गेलं,” ऋजुता म्हणाली. “आता जिचा आकडा उतरतो, तिचं बाळ ते बाहेर काढायला लावतं. सानिकाला गुण आलाय, आई. गोळी लागू पडलीय. तिचं बाळ आत ठणठणीत आहे. अजून सात आठवडे तरी आत राहू शकतं. उद्या काढलं तर ते एक किलोचं निघेल.”

“तांबोळ्यांचं...”

“हो.”

“ते पण?”

“ते पण.”

शोभाताईंनी डावा हात काचेवरून उचलला आणि मांडीवर, पदराखाली नेला.

“तुला कधीपासनं माहितीय हे?”

“आठ महिने.”

“आणि बोलली नाहीस.”

“तुम्हीपण दोन वर्षं बोलला नाहीत. आपण दोघी एका ताटात जेवतोय. एकदाही बोललो नाही.”

“काय बोलायचं होतं?” त्या एकदम उसळल्या. “नात माझ्या हातानं गेली म्हणून दवंडी पिटायची होती? निनाद माझ्या हातचं पाणी पिईल का? तो रोज संध्याकाळी येऊन विचारतो, आई जेवलीस का. तेवढंच राहिलंय मला.” मग त्यांचा आवाज विझला. “त्या बांगड्या गुरुवारीच वाढवल्या असत्या तर, असं रोज म्हणते मी. देवीपुढं म्हणते. तुझ्यापुढं म्हणायचं धाडस झालं नाही.”

“तुम्ही विचारलं होतं मला. आत्ताच वाढवू का, म्हणून. राहू दे मी म्हणाले.”

“तू लेकरू होतीस.”

“मी अठ्ठावीस वर्षांची होते, आई. मला आकडे कळत होते.”

शोभाताई रडल्या नाहीत. त्यांनी समोरचा हिरव्या बांगड्यांचा डबा ओढला, एकेक बांगडी बोटांत धरून तडा आहे का ते उजेडात बघू लागल्या. त्या कामात त्यांचे हात आपोआप चालत. पाच-सहा बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, “सांगितलंस तर सानिका माझ्याकडे बघेल का पुन्हा?”

“माहीत नाही.”

“नाही सांगितलंस तर?”

ऋजुताने पुस्तिका उचलली. दारात पोचल्यावर मागून आवाज आला.

“उद्या मी येते बरोबर. गाडीत मागं बसते.”

एवढंच. सांग म्हणाल्या नाहीत, सांगू नको म्हणाल्या नाहीत.

*

सोलापूरच्या केंद्रात सगळं स्वच्छ आणि फिकट पिवळं होतं. डॉक्टर काझी पन्नाशीच्या होत्या, हळू बोलणाऱ्या. ह्या खोलीतच दोन वर्षांपूर्वी त्यांनी ऋजुताच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्यांनी तिला ओळखलं आणि मान खाली घालून नमस्कार केला.

खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. सानिका आणि पहाटेच्या गाडीने आलेला तिचा नवरा मंदार पुढे बसले. निनाद बहिणीच्या खांद्याशी उभा राहिला. शोभाताई दाराजवळच्या खुर्चीत, दोन्ही हात पदराखाली.

पडद्यावर सानिकाच्या दोन रेघा होत्या. पहिली आज पहाटे दुसरीला छेदून वर गेली होती.

“बाळाचे ठोके उत्तम आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “वाढ चांगली आहे. मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, फक्त तपासून मी आज निर्णय घेतला असता तर थांबले असते. पण ही घसरण... ही आम्ही एकदा ओळखली नव्हती.” त्यांनी ऋजुताकडे बघितलं नाही. “त्यामुळे आता आम्ही धोका पत्करत नाही. बाळ साधारण अकराशे ग्रॅमचं असेल. दोन महिने काचपेटीत. पुढचं मी आज सांगू शकत नाही.”

“जगेल ना?” मंदारने विचारलं.

“बहुतेक जगतात.”

सानिका आज विनोद करत नव्हती. तिने संमतिपत्र जवळ ओढलं. वाचलं. तिचा अंगठा सवयीने दुसऱ्या तळहातावर खाजवायला गेला आणि खाजच नाही असं लक्षात येऊन थांबला.

“दादा,” ती निनादला म्हणाली, “तुमच्या वेळी हे सांगितलं असतं, तर तू सही केली असतीस ना?”

निनादने मान हलवली. “डोळे मिटून केली असती.”

“मग झालं.” तिने पेन उचललं.

ऋजुता त्या पेनाच्या टोकाकडे बघत होती. निळी शाई. टोक कागदाला टेकलं आणि एक बारीक ठिपका उमटला. सानिका सहीच्या आधी नेहमी असा ठिपका काढते, हे तिला माहीत होतं.

“थांब,” ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण पेन थांबलं. सगळे वळले. शोभाताई वळल्या नाहीत, त्या आधीपासूनच तिच्याकडे बघत होत्या. पदराखालचा डावा हात त्यांनी बाहेर काढून गुडघ्यावर ठेवला.

ऋजुताने पर्समधून पुस्तिका काढली. पान नऊ आपोआप उघडलं. ती टेबलाशी गेली आणि ते पान तिने संमतिपत्रावर ठेवलं.

“डॉक्टर, हा शुक्रवार बघा. तुम्ही इथं दीर्घ शांत काळ लिहिलंय. तो उपास आहे. त्या दिवशी संकष्टी होती. नऊ बाराला चंद्रोदय, त्यानंतर जेवण, आणि नऊ पन्नासला हा उंचवटा. पंचांग काढून बघा, मिनिटाचाही फरक पडणार नाही.”

डॉक्टर काझींनी पान स्वतःकडे फिरवलं. बघितलं. पुन्हा बघितलं. त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडली. “पण गरोदर बाईला आम्ही उपास...” त्या थांबल्या. “तुम्ही उपास केला होतात?”

“नाही. मी पोटभर जेवले होते.”

“मग?”

“ऋजुता, काय चाललंय?” निनाद म्हणाला. त्याचा चेहरा अजून नुसताच गोंधळलेला होता. उद्या तो असा दिसणार नाही. ऋजुताने तो आणखी एक क्षण बघून घेतला.

मग वाचन आलं तसं ती बोलली.

“निनाद, त्या रविवारी तू विचारलंस तेव्हा मी खोटं सांगितलं. चार हजार एकशे सतरा म्हणजे मी, डॉक्टर. पण ही रेघ माझी नाही. गुरुवारी चार वीसपासून रविवार सकाळपर्यंत पट्टा माझ्या हातात नव्हता. मी काढू दिला होता. सानिका, सही करू नकोस.”